धुराची तालीम

आमच्या साहेबांच्या मते सर्दी हा आजार नव्हता, चारित्र्यदोष होता. खात्यात कुणी शिंकलं की ते फायलीतून मान वर करायचे आणि शिंकणाऱ्याकडे एखाद्या पडक्या भिंतीकडे पाहावं तसं पाहायचे. "प्रतिकारशक्ती!" एवढंच म्हणायचे आणि सिगारेट पेटवायचे. शिंकणारा बिचारा नाक पुसत जागेवर बसायचा. पुढची शिंक आली तर बाहेर व्हरांड्यात जाऊन शिंकायचा.

भोपाळला बरखेड्यात, एका मोठ्या सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आम्ही राहत होतो. साहेब कारखान्याच्या सेफ्टी खात्याचे प्रमुख आणि मी त्यांची स्टेनो. मी मूळची वर्ध्याची. लग्न होऊन भोपाळला आले, आणि मराठी, हिंदी दोन्ही डिक्टेशन घेता येतं या एका गुणावर त्या खात्यात चिकटले. साहेब नागपूरचे. मी वर्ध्याची आहे कळल्यावर पहिल्याच दिवशी म्हणाले, "मग तर तू माहेरची झाली, बाप्पा. तुझा नवरा आमचा जावई." माझे यजमान कारखान्यातच, टर्बाइन बनवणाऱ्या शॉपमध्ये होते. त्यांना त्या दिवसापासून भर कारखान्यात "जावईबापू" अशी हाक यायला लागली. ती हाक कुठूनही ऐकू जायची, कारण साहेबांचा आवाज म्हणजे आवाज होता. मशीन चालू असताना शॉपच्या एका टोकाला उभे राहून ते दुसऱ्या टोकाच्या माणसाला हेल्मेट घालायला लावत. माईक त्यांनी कधी हातात धरला नाही. माईक दुबळ्यांसाठी असतो, म्हणायचे.

काम चोख होतं, हे आधी सांगायला हवं. साहेबांच्या काळात कारखान्यात बोटं तुटण्याचं प्रमाण कमी झालं, हे त्यांचे शत्रूही मान्य करत. घोषवाक्यं ते स्वतः रचायचे. खोलीत येरझाऱ्या घालत, धूर सोडत सांगायचे आणि मी टिपून घ्यायची. "दस्ताने पहनो, दास्तान मत बनो" हे त्यांचंच. ते साऱ्या कारखान्यात भिंतींवर रंगवलेलं होतं. कामगार येता-जाता वाचायचे आणि खरोखर हातमोजे घालायचे. एका घोषवाक्याबाबत मात्र त्यांचा नाइलाज होता. "धूम्रपान निषेध" हे वरून आलेलं होतं, तेव्हा ते लावणं भाग होतं. आमच्या खोलीत ती पाटी साहेबांच्या खुर्चीच्या बरोबर मागे होती. वर्षानुवर्षांच्या धुराने तिचा पांढरा रंग आधी चहासारखा आणि मग काढ्यासारखा झाला. पाहुण्यांना ती पाटी पितळेची वाटायची.

सिद्धांत असा होता. शरीराच्या आत एक फौज असते. फौजेला लढाई नसली की ती सुस्त होते. म्हणून रोज थोडा शत्रू आपण होऊन आत सोडायचा.

"बाई, मला सांग," ते विचारायचे, "दूधतुपावर वाढलेला पोरगा आणि बसस्टँडवर वाढलेला पोरगा. हवा बदलली की आजारी कोण पडते?"

"दूधतुपाचा."

"काहून?"

"सवय नसते म्हणून."

"मंग! धूर म्हणजे तालीम आहे तालीम. आतल्या लोकांनी रोज उठून दंडबैठका मारायच्या."

महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांनी याच विषयावर भाषण दिलं, तेव्हा तर ते आणखी पुढे गेले. "लस म्हणजे काय? त्याच रोगाचा थोडासा नमुना. मग सिगारेट काय आहे? कॅन्सरची लस आहे!" असं म्हणून त्यांनी टाळ्यांसाठी जागा सोडली आणि टाळ्या पडल्या. मंडळात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, केमिस्ट्रीत एम. एस्सी. केलेले निदान चारजण तरी होते. त्यांनीही वाजवल्या. आमच्या टाउनशिपमध्ये वरच्या पदावरच्या माणसाचं म्हणणं कुणी खोडून काढत नसे, फार तर ते पुढच्या बैठकीपर्यंत स्थगित राही. आणि माणूस समोर उभा होता ना पुरावा म्हणून! डिसेंबरातल्या भोपाळच्या थंडीत नळाच्या पाण्याने आंघोळ करणारा, कडुनिंबाचा पाला बोकडासारखा चावणारा. आजारपणाची रजा त्यांनी कधी घेतलेली कुणाच्या आठवणीत नव्हती. रविवारी सकाळी ते गुळवेलीचा काढा उकळून आमच्या सगळ्या ब्लॉकला पाजत. एका हातात काढ्याची किटली, दुसऱ्या हातात सिगारेट. दार उघडलं नाही तर तो आवाज जिन्यातून वर यायचा आणि झोपलेलं माणूस उठून काढा प्यायचं.

ते खालच्या मजल्यावर राहत, आम्ही वर. त्यांच्या घरी वहिनी. वहिनी अमरावतीच्या, किरकोळ बांध्याच्या. त्या बोलायच्या कमी आणि खिडक्या उघडायच्या जास्त. साहेब ज्या खोलीत शिरतील त्या खोलीची खिडकी त्या मागून जाऊन उघडत. साहेबांना ती वहिनींची खोड वाटायची. "हिला हवेचा लई सोस," असं ते कौतुकाने सांगत.

लग्न ठरताना मी यजमानांना एकच अट घातली होती, सिगारेट सोडायची. ह्यांनी सोडलीही होती. पुढे एका हिवाळ्यात ह्यांना खोकला झाला आणि तो काही केल्या हटेना. साहेब किटली घेऊन वर आले. गॅलरीत बसलेल्या ह्यांची छाती वाजवून पाहिली, जीभ पाहिली आणि विचारलं, "बंद केली होती का?"

"हो. लग्नापासून."

"अरे बाप्पा!" साहेब खाली बसले. "एवढी मोठी फौज एकदम सुट्टीवर पाठवली? बिनकामाची फौज बंड करते, जावईबापू. हा खोकला नाही, बंड आहे." आणि खिशातून पाकीट काढून त्यांनी स्वतः एक पेटवून ह्यांच्या हातात दिली. मी केलेला चहा समोर, गॅलरी माझी, नवराही माझाच, हुकूम मात्र साहेबांचा. खोकल्याची मुदत तशीही संपत आली होती. दोन दिवसांत तो गेला. साहेबांनी ही केस पुढे कितीतरी व्याख्यानांत सांगितली आणि ह्यांचं सिगारेट ओढणं पुन्हा सुरू झालं ते झालंच. मी काही बोलले की म्हणायचे, "तुझ्या माहेरचेच आहेत ना? त्यांना विचार."

आता त्या भोंग्याची हकिगत.

कारखान्यात नवा कॉन्फरन्स हॉल झाला. त्याच्या छतात धूर ओळखून वाजणारा भोंगा बसवला होता. साहेबांनीच तो मागवला होता. उद्घाटनाला त्याच्यावर भाषणही केलं. पण साहेब मीटिंगला बसले की धूर व्हायचा, आणि धूर झाला की भोंगा वाजायचा. जनरल मॅनेजर उत्पादनाबद्दल काही बोलायला तोंड उघडत आणि वरून किंकाळी. सगळे बाहेर पळत, कुठे काही नाही म्हणून परत येत. असं दोन-तीन मीटिंगांत झाल्यावर साहेबांनी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. जुन्या शहरातला माणूस. शिडीवर चढून त्याने भोंगा निरखला.

"साब, मशीन तो बिलकुल ठीक है. धुआँ आ रिया है तो बज रिया है."

"उसको आदत डालो," साहेब म्हणाले. "हर छोटी बात पे चिल्लाता है."

त्याने एक स्क्रू फिरवून भोंग्याचे कान जरा बधिर केले. पुढच्या मीटिंगला भोंगा उशिरा वाजला. मग आणखी फिरवला. तेव्हा तो मीटिंग संपल्यावर वाजला. शेवटी एक दिवस त्याने कंटाळून तारच काढली आणि शिडीवरून उतरत म्हणाला, "लो साब, अब सुकून है." साहेबांनी आम्हाला समजावलं की यंत्रालाही प्रतिकारशक्ती येते, थोडा धीर धरावा लागतो.

त्यानंतरच्या हिंदी पखवाड्याचा, म्हणजे सरकारी हिंदी पंधरवड्याचा, समारोप त्याच हॉलमध्ये झाला. दीपप्रज्वलन झालं, समई पडद्याच्या जरा जवळ ठेवली गेली आणि कविसंमेलन सुरू झालं. पडदा खालून पेटला. धूर पसरायला लागला. वर भोंगा ढिम्म. पुढच्या रांगेतल्यांना वाटलं मागे कुणी सिगारेट ओढतंय, मागच्यांना वाटलं पुढे साहेब बसलेत. कवींनी वीररसाची कविता सुरू केली होती आणि ते "ज्वाला, ज्वाला" म्हणत होते, त्यामुळे "आग, आग" ओरडणाऱ्या पहिल्या माणसाला तर वन्स मोअर मिळाला. कुणाला इजा झाली नाही हे नशीब. पडदे, सोफे आणि छताचा एक कोपरा गेला. चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष साहेबच, कारण आग म्हणजे सेफ्टीचा विषय. त्यांनी निष्कर्ष सांगितला आणि मी तो टाइप केला, "उपकरण अपने कर्तव्य के प्रति उदासीन पाया गया." भोंग्याला बदलून नवा भोंगा मागवावा अशी शिफारस झाली. प्रकरण मिटलं.

बिट्टन मार्केटला आठवड्याचा हाट भरायचा तेव्हा आम्ही चौघं मिळून भाजीला जात असू. भाजी झाली की फुलकी खायची. महाराष्ट्रात जिला पाणीपुरी म्हणतात ती आमच्या भोपाळची फुलकी. साहेब ती खायचे म्हणजे पैज मारल्यासारखी. आख्खी तोंडात, डोळे मिटायचे, आणि दुसरीसाठी द्रोण पुढे. तिखट पाणी जितकं जहाल तितकी फौज खूश. एका संध्याकाळी मी पाहिलं की साहेब फुलकी हाताने मोडून खातायत. एक तुकडा, मग दुसरा. पाणी तर त्यांनी ओतूनच दिलं.

"काय झालं, साहेब?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही. पाणी आणि पुरी एकत्र घेतली की पचनावर ताण येते."

असला नियम त्यांच्या शास्त्रात आजवर नव्हता. घरी परतल्यावर वहिनींनी मला आत बोलावलं. दिवा लावला, साहेबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "आ करा."

"काहून?"

"करा म्हणते ना."

साहेबांनी तोंड उघडलं, पण ते नीट उघडेना. वहिनींची दोन बोटं उभी आत जाईनात. मी बॅटरी धरली. गालाच्या आतल्या बाजूला एक पांढरट चट्टा होता आणि त्याच्या मध्यभागी लाल, सोलवटल्यासारखी जखम.

"ते घट्टं आहे," साहेब तोंड मिटून म्हणाले. "काम करणाऱ्याच्या हाताला पडते ना, तसं. तालमीची खूण आहे."

"कधीपासून आहे?"

"असंन बऱ्याच दिवसांचं. दुखत तर नव्हतं."

त्यावर वहिनी त्यांच्या संसारातलं बहुधा सगळ्यात लांब वाक्य बोलल्या. "उद्या दवाखान्यात जायचं. तुम्ही आलात तर तुमच्यासोबत जाईन, नाही आलात तर या बाईला घेऊन जाईन आणि तिथे सगळ्यांसमोर सांगेन की सेफ्टीचे साहेब दाताच्या डॉक्टरला भ्यायले." साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "हे लिहून घेऊ नको." पण दुसऱ्या दिवशी आले.

टाउनशिपच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर म्हणजे भोपाळातच जन्मलेली, वाढलेली मराठी मुलगी. बोलायची मराठी, पण वळण सगळं हिंदीचं. साहेब खुर्चीत आडवे झाले आणि तिने आरसा हातात घ्यायच्या आधीच प्रतिकारशक्तीवर बोलू लागले. आरसा आत गेल्यावरही बोलतच होते.

"सर, तुम्ही आधी चुप बसा," ती म्हणाली. "तुम्ही बोलत राहिलात तर मला फक्त भाषण दिसेल."

साहेबांना असं कुणी बोललेलं मी प्रथमच ऐकलं. ते गप्प झाले. तिने बराच वेळ पाहिलं. हनुवटीखाली, मानेला चाचपून पाहिलं. मग हातमोजे काढले.

"याचा तुकडा काढून तपासायला लागेल, सर. लवकर. मला हे चांगलं नाही वाटत."

"असं होऊ शकत नाही," साहेब उठून बसले. "माझी प्रतिकारशक्ती तुम्हाला माहीत नाही. मला सर्दी होत नाही."

"सर्दी न होणं चांगलंच आहे, सर. पण सर्दी नाही झाली म्हणजे हेही नाही होणार, असं कुठे असतं?"

"आतल्या फौजेला मी रोज सराव दिला आहे."

डॉक्टरने हसू आवरलं असावं. पण तिने त्यांची थट्टा केली नाही. खुर्ची ओढून समोर बसली. "सर, तुम्ही म्हणता तशी फौज असते, ते बरोबर आहे. तोंडाच्या अस्तरातसुद्धा असते. काही पेशींचं कामच हे, की आजूबाजूला फिरून बघायचं, कोण बिघडलंय. बिघडलेली पेशी दिसली की त्या बाकीच्यांना खबर देतात, आणि मारणाऱ्या पेशी येऊन तिला मारतात. हे आपल्याला कळतही नाही."

"तेच तर मी म्हणतो!"

"पण धूर काय करतो? एकीकडे जास्त जास्त पेशी बिघडवतो. आणि दुसरीकडे ह्या पहारेवाल्यांनाच बेकार करतो. रोज रोज तिथे जळजळ होत राहते ना, तर काही थकतात, काहींना ओळखूच येत नाही की हा आपला का चोर. मारणाऱ्या पेशी तिथे पोचतात कमी, आणि पोचल्या तरी ढिल्या पडतात. मग गाठ बनली की ती पण उरलेल्यांना चुप करवते. सराव नाही होत, सर. उलटं होतं."

साहेब तिच्याकडे बघत राहिले. वाद घालायला त्यांचं तोंड थोडं उघडलं होतं, जेवढं उघडत होतं तेवढं. मग त्यांनी हळूच मला विचारलं, "बाई, तो हॉलमधला भोंगा..."

"हो, साहेब."

"तार आपणच काढली होती न?"

डॉक्टरला काही कळलं नाही. ती माझ्याकडे बघायला लागली. वहिनी उठल्या आणि त्यांनी सवयीने खिडकी उघडली. खरं तर तिथे कुणीही सिगारेट ओढत नव्हतं.

तपासणीत जे निघायचं तेच निघालं. मुंबईला मोठं ऑपरेशन झालं. गाल आतून काढला, खालच्या जबड्याचा एका बाजूचा भाग काढला, मानेतल्या गाठी काढल्या. छातीचं मांस वर फिरवून गालाच्या जागी बसवलं. मग किरणांचे शेक दिले. साहेब परत आले तेव्हा अर्धे झाले होते. चेहऱ्याची एक बाजू आत गेलेली, ओठाचा एक कोपरा मिटत नसे, म्हणून गळ्यात कायम पंचा. आणि तो आवाज! आवाज होता, पण शब्दांचे कंगोरे गेले होते. प, ब, म म्हणायला ओठ जुळत नसत, आणि बाकीची अक्षरं एकमेकांत मिसळून यायची. ते काय म्हणतात ते फक्त वहिनींना कळायचं आणि मला. मी इतकी वर्षं त्यांचं डिक्टेशन घेतलं होतं. वाक्य कुठे वळणार ते मला आधीच कळायचं.

आता यापुढे टाउनशिपने जे केलं ते मी आजही कुणाला सांगितलं की खोटं वाटतं.

मला वाटलं होतं, साहेबांकडे बघून लोक दचकतील, पाकिटं फेकतील. तसं काही झालं नाही. मंडळाने साहेबांचा सत्कार ठेवला. जनरल मॅनेजरांनी शाल घातली आणि म्हणाले, "इसको कहते हैं इम्युनिटी! इतना बड़ा कैंसर हजम कर गए. हमारे जैसा होता तो कब का निकल लेता." टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेब मान हलवून "नाही, नाही" म्हणायला लागले, तर लोकांना वाटलं त्यांना गहिवरून आलं. कारखान्याच्या गेटजवळच्या चहाच्या टपरीवर सिद्धांताला नवं बळ आलं. साहेब एवढे ओढत होते म्हणूनच वाचले, असं लोक एकमेकांना समजावू लागले. न ओढणारा असता तर पहिल्याच झटक्यात गेला असता, आतली फौज तयार होती ना! साहेब टपरीपाशी थांबून काही सांगायला जात. लोक आदराने सिगारेट पाठीमागे धरत, न कळलेल्या वाक्याला "जी साब, बिलकुल साब" म्हणत, आणि ते पुढे गेले की झुरका मारत.

साहेब हट्टाला पेटले. सेफ्टी सप्ताहात आपणच बोलणार, म्हणाले. वरिष्ठांना संकोच वाटत होता, पण नाही कोण म्हणणार? मी शेजारी उभं राहून वाक्य वाक्य हिंदीत सांगावं असं ठरलं. त्या दिवशी त्यांनी प्रथमच माईक हातात घेतला. मैदानात सगळ्या शॉपचे लोक बसले होते.

साहेब बोलले. मी सांगितलं, "साहब कह रहे हैं, मैं इतने साल गलत बोलता रहा."

टाळ्या. एवढा मोठा माणूस आणि किती नम्र!

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य बोलले. "साहब कह रहे हैं, धुएँ से ताकत नहीं आती. धुआँ अंदर के पहरेदारों को ही अंधा करता है. मेरे साथ यही हुआ." पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. ते माईकवर एकच शब्द ओरडले. तो मी हिंदीत सांगितला नाही. नागपूरकडचा होता आणि सेफ्टी सप्ताहात बसणारा नव्हता. लोकांनी तिसऱ्यांदा टाळ्या वाजवल्या आणि मग चहाची सुट्टी झाली. सगळे झाडांखाली जाऊन भाषण किती प्रभावी झालं यावर बोलत सिगारेटी ओढत उभे राहिले. त्यात आमचे हेही होते.

साहेब त्यानंतर बरीच वर्षं होते. निवृत्त होऊन नागपूरला गेले. गाठ परत आली नाही, शेवटी हृदयाच्या दुखण्याने गेले. तोवर टाउनशिपमधलीही पिढी बदलली. त्यांच्या त्या घोषवाक्यांवर आता चुना फिरवलाय म्हणे. मला मात्र साहेब आठवतात ते भोपाळ सोडण्याआधीच्या एका रविवारचे.

ऑपरेशननंतर साहेब कुणासमोर जेवत नसत. वहिनी ताट आत ठेवून दार ओढून घेत आणि स्वतःही बाहेर येऊन बसत. लग्नाला गेले, मुंजीला गेले, तरी पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. त्या दुपारी ते जिना चढून वर आले. हे जेवण आटपून गॅलरीत सिगारेट घेऊन उभे होते. साहेबांना पाहून विझवायला गेले, तर साहेबांनी हाताने "राहू दे" अशी खूण केली आणि खुर्चीत बसले. काहीतरी म्हणाले.

"काय म्हणतात?" ह्यांनी मला विचारलं.

"सोड म्हणतात."

हे हसले. मनाचे वाईट नव्हते, पण टपरीवरचंच बोलले. "सोडतो की, साहेब. पण तुम्हीच तर उदाहरण आहात आमच्यासमोर. एवढं सगळं होऊन ठणठणीत बसला आहात."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "भात आहे का? वरणभात. मऊ कालव." मी चपापले. "खाली पाठवू का?" विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली, आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवून ह्यांना बसायला सांगितलं.

मी भात पातळ कालवून आणला. साहेबांनी गळ्यातला पंचा काढून बाजूला ठेवला. मान एका बाजूला कलती केली, चमचा ओठाच्या धड कोपऱ्यातून आत सारला आणि बोटाने घास आतून मागे ढकलला. गिळायला जोर लावावा लागत होता. मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. दुसऱ्या कोपऱ्यातून वरण हनुवटीवर आलं, तिथून सदऱ्यावर, तिथून फरशीवर. त्यांनी पुसलं नाही. मी पुढे झाले तर मला हाताने थांबवलं. एक घास नाकात गेला. ते खोकले, ठसकले, डोळे लाल झाले, आणि श्वास परत आल्यावर त्यांनी पुढचा चमचा भरला. सगळा वेळ नजर ह्यांच्यावर. हे उठायला गेले की साहेब चमच्याने खुर्चीकडे खूण करत. बाहेर कुठेतरी रेडिओ चालू होता. ताटातला भात एवढासाच होता, पण तो संपता संपेना. ह्यांच्या बोटांतली सिगारेट जळत जळत आली आणि चटका बसला तेव्हा ह्यांना कळलं की ती हातात आहे. त्यांनी ती खाली टाकली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"पुरे, साहेब," हे म्हणाले. "कळलं मला. खरंच कळलं. पुरे करा आता."

साहेबांनी ताट माझ्याकडे सरकवलं आणि काहीतरी म्हणाले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतात?"

"अजून भात मागताहेत," मी म्हणाले.